सोवनींच्या मशीनवरचा अंधार

भर दुपारी मिरजेत मिट्ट काळोख हवा असेल तर प्रतिमा-वाचन केंद्राच्या मागच्या खोलीत जावं. बाहेर डांबर वितळत असतं, रिक्षावाले सावली धरून आडवे झालेले असतात, आणि इथे डॉ. हेमांगी सोवनी जाड पडदे ओढून, दिवे मालवून स्क्रीनसमोर बसलेल्या असतात. पूर्व भागातल्या लहानसहान केंद्रांवर छातीचे एक्स-रे काढले जातात, ते इथे येतात आणि बाई ते बघून शेरा लिहितात. काळोख हा या धंद्याचा जुना रिवाज आहे. उजेडातून आलेल्या डोळ्याला करड्यातला करडा कळत नाही, म्हणून एक्स-रे वाचणारे आधी डोळे शांत करून घेतात आणि मगच कामाला बसतात.

बाईंच्या जोडीला आणखी एक वाचक होता, पण त्याला खुर्ची लागत नव्हती. त्याचं नाव सहवाचक. प्रत्येक फोटो तो बाईंच्या आधी बघायचा आणि कोपऱ्यात खूण टाकायचा. हिरवी म्हणजे स्वच्छ, तांबडी म्हणजे गडबड. खूण पटली नाही तर बाई ती खोडायच्या, 'शिकव' हे बटण दाबायच्या, आणि सहवाचक त्यातून शहाणा व्हायचा. जिथे डॉक्टर फिरकतच नाही अशा केंद्रांवर तर तो एकटाच शेरा द्यायचा आणि लोक त्या शेऱ्यावर घरी जायचे. सुरुवातीला यावर बरीच आरडाओरड झाली, वर्तमानपत्रांत पत्रं आली. मग सवय झाली. आपल्याकडे सवय सगळ्याचीच होते.

त्या दिवशी खोलीचं दार धाडकन उघडलं आणि कुणीतरी मोठा दिवा लावला.

"दिवा बंद करा," मान न वळवता सोवनी म्हणाल्या.

"नाही करत."

दारात शांतिनाथ मगदूम उभा होता. केंद्रातली सगळी मशीनं हा सांभाळायचा. वय चाळिशीचं, लिनक्स या संगणकप्रणालीवर जीव, माणसांवर राग. मशीन बिघडलं की आधी वापरणाऱ्याची अक्कल काढायची आणि मग दुरुस्तीला हात घालायचा, ही त्याची पद्धत. अर्ध्या केंद्राशी त्याचं वाकडं होतं. सोवनींशी तर पहिल्या दिवसापासून होतं, कारण त्यांची पद्धतही तीच होती.

"चंपाबाई मगदूम," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात तुम्ही वाचलेला फोटो. शेरा काय दिलात, आठवतंय?"

"रोज शेकड्यानं फोटो बघते मी. नावं पाठ करत नाही."

"फुप्फुसं स्वच्छ, असा दिलात. माझी अव्वा आहे ती. खोकत होती, ताप होता, तरी तुमच्या शेऱ्यावर भरवसा ठेवून घरी बसली. आता अतिदक्षता विभागात नळीवर आहे."

सोवनींनी तेव्हा कुठे मान वळवली. ही तक्रार आलीय हे त्यांना माहीत होतं. तक्रार कुणाच्या आईची आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चार वाजता समिती बसणार होती. चूक त्यांची ठरली तर वाचनाची खुर्ची जाणार, आणि नोकरीची उरलेली वर्षं सहवाचकाच्या शेऱ्यांखाली सह्या ठोकत काढावी लागणार. यंत्राखाली सही करायची या कल्पनेनंच त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आयुष्यभर एकच गोष्ट कमावली होती, नजर. ती गेली म्हटल्यावर मागे राहणार काय?

"तुमच्या आईंचं ऐकून वाईट वाटलं," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. "पण मी बघितलेला फोटो स्वच्छ होता. खोटं लिहिणाऱ्यांतली मी नाही."

"खोटं नाही हो. आंधळं लिहिलंत." मगदूमनं काखेतला लॅपटॉप टेबलावर आदळला आणि उघडला. "हा बघा."

फोटोत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरट धूर पसरला होता. बारीकसारीक काही नव्हतं, चांगला तळहाताएवढा होता. कॉलेजातल्या पोरालाही दिसला असता. सोवनी खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि तशाच थांबल्या.

"हा फोटो मी बघितलेला नाही."

"नाव तेच, तारीख तीच, तुमची सही खाली."

"मग मागाहून बदललाय कुणीतरी. किल्ल्या तुमच्याच हातात असतात ना सगळ्या?"

मगदूमचे कान लाल झाले. "माझ्या आईचा फोटो मी बिघडवीन? मॅडम, तोंड सांभाळा."

"तुम्ही आवाज सांभाळा. माझ्या मशीनवर उघडा. मी जिथे बघितला तिथे."

"तिथेही हाच दिसणार."

"मग घाबरता कशाला?"

तो घाबरला नव्हता, पण एवढं ऐकून घेणाऱ्यांतलाही नव्हता. खुर्ची ओढून तो बाईंच्या मशीनसमोर बसला. ब्राउझरची खिडकी काळी होती, यादी काळी, अक्षरं करडी. त्यानं आईचं नाव टाकलं. फोटो उघडला.

दोन्ही फुप्फुसं काळी, स्वच्छ. धूर कुठेच नाही.

मगदूमनं लॅपटॉप उचलून शेजारी धरला. बरगड्या तशाच होत्या, काळजाची सावली तशीच, खांद्याचं हाड तसंच. फक्त तो पांढरा धूर एकीकडे होता आणि दुसरीकडे नव्हता.

"काय म्हणत होतात?" सोवनी म्हणाल्या. "आंधळं कोण?"

"थांबा जरा." त्याचा आवाज उतरला होता, पण नरमला नव्हता. "डार्क मोड आहे हा तुमचा, सगळं पान काळं करणारा. हाच घोळ घालतोय."

"मग काढा."

काढा म्हणणं सोपं असतं. लिनक्सवर डार्क मोड एका ठिकाणी बसलेला नसतो. डेस्कटॉपची एक आवड असते, ती तो ब्राउझरच्या कानात सांगतो. ब्राउझरची स्वतःची वेगळी असते. पानाची तिसरी असते. एकाच पंख्याला घरातल्या चौघांनी चार खोल्यांत बटणं बसवून घ्यावीत, तसा प्रकार. मगदूमनं आधी डेस्कटॉपची थीम उजळ केली. खिडकीची चौकट पांढरी झाली, आतलं पान काळंच राहिलं. ब्राउझरच्या सेटिंगात जाऊन 'उजळ' निवडलं, तरी पान काळंच. नवी कोरी प्रोफाइल काढून त्यात फोटो उघडला. तिथेही काळं, तिथेही स्वच्छ फुप्फुसं.

"येतं ना तुम्हाला?" सोवनींनी विचारलं.

"गप्प बसा की जरा, मॅडम."

बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्याच, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात डावं-उजवं कळावं म्हणून शिशाचं अक्षर ठेवलेलं असतं. शिशातून क्ष-किरण जात नाहीत, त्यामुळे अख्ख्या फोटोत ते अक्षर सर्वांत पांढरं उमटतं. मगदूमच्या लॅपटॉपवर ते लखलखत होतं. बाईंच्या स्क्रीनवर ते राखेसारखं करडं होतं.

आणि बाईंना एकदम आठवलं, की कित्येक महिने ते तसंच होतं. त्यांनी त्यावरून केंद्रांवरच्या फोटो काढणाऱ्या पोरांना फैलावर घेतलं होतं. झिजलेली अक्षरं वापरता, लाजा नाही वाटत, नवी मागवा, असं चारचौघांत सुनावलं होतं. काही केंद्रांनी बिचाऱ्यांनी नवी मागवलीही होती. शिसं कधी फिकं पडतं का? ज्या बाईंचा जन्म एक्स-रे बघण्यात गेला त्यांना हे साधं सुचू नये, याची त्यांना आता चीड आली आणि ती कुणावर काढावी ते कळेना.

"मगदूम, हे अक्षर बघा," त्या म्हणाल्या. "हे दिवाळीपासून असं आहे."

त्यानं बघितलं. मग आज्ञा लिहायची खिडकी, टर्मिनल, उघडली आणि ब्राउझर ज्या आज्ञेनं सुरू होतो ती आज्ञा स्क्रीनवर आणली. आज्ञेच्या शेपटाला एक शब्द जोडलेला होता. सगळ्या सेटिंगांच्या वरचढ असलेला, कुणाचंही न ऐकता पान काळं करून टाकणारा. तो कुणी जोडला होता हे मगदूमला विचारावं लागलं नाही.

"तुम्हीच लावून घेतलंत," तो म्हणाला.

"मी? मला टर्मिनल कशाशी खातात ते ठाऊक नाही."

"दिवाळीआधी या खोलीत काय बोंब मारली होतीत? यादीचं पान पांढरंफटक आहे, फोटोशेजारी तो पांढरा पट्टा डोळ्यांत घुसतो, अर्धशिशी उठते, आजच्या आज काळं करून द्या, नाहीतर निकम साहेबांकडे जाते. पानाला स्वतःचा डार्क मोड नव्हता. मी सांगितलं होतं, पान बनवणाऱ्यांना कळवतो, थोडं थांबा. थांबलात?"

"आणि तुम्ही काय केलंत? माझं तोंड बंद व्हावं म्हणून ही शेपटी जोडलीत आणि पुन्हा फिरकलाही नाहीत."

"फोटोंना सूट देऊनच जोडली. चित्राला हात लावायचा नाही, असं बजावून."

"मग हे चित्र नाही तर काय आहे?"

मगदूमनं कपाळ चोळलं. "तेव्हा होतं. त्यानंतरच्या अपडेटात फोटो दाखवायची तऱ्हा बदलली. आता फोटो चित्र म्हणून येत नाही. पानावर एक कोरा फळा असतो, कॅनव्हास, त्याच्यावर प्रोग्रॅम स्वतः एकेक ठिपका रंगवतो. ब्राउझरच्या लेखी ते चित्र नाही, पानाचाच तुकडा आहे. माझी सूट त्याला लागू होत नाही."

"आणि अपडेट झाल्यावर हे तपासायचं काम कुणाचं?"

मगदूमनं पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

नव्या ब्राउझरांत काळं करण्याच्या या सोयीला 'मंदप्रकाश' म्हणत. जुन्या डार्क मोडसारखा तो पांढऱ्याचं सरसकट काळं करत नसे, त्याला अक्कल दिलेली होती. पानाचे बारीक तुकडे करायचे आणि एकेका तुकड्याकडे बघायचं. रेघ दिसली तर तिला धक्का लावायचा नाही. अक्षर दिसलं तर त्याची चमक तेवढी उतरवायची. आणि मोकळा पांढरा भाग दिसला तर तो आजूबाजूच्या काळ्यात अलगद मिसळून टाकायचा. बातम्या वाचणाऱ्याच्या डोळ्यांना यानं मोठा आराम पडला. पण छातीच्या फोटोत बरगडी म्हणजे रेघ, शिशाची खूण म्हणजे अक्षर, आणि फुप्फुसात साचलेला पू म्हणजे मोकळा पांढरा भाग. बरगड्या जागच्या जागी राहायच्या आणि आजार पुसला जायचा. फोटोवर काही कारागिरी झालीय असा संशयही येत नसे.

मगदूमनं शेपूट खोडली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. पांढऱ्या पानाचा झोत दोघांच्या तोंडावर आला. चंपाबाईंच्या फुप्फुसातला धूर बाईंच्या स्क्रीनवर प्रथमच दिसला.

सोवनी हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं. "म्हणजे माझी नजर शाबूत आहे. चार वाजता हे तुम्ही समितीला तुमच्या तोंडानं सांगायचं. शेपूट कुणी जोडली तेही."

"माझी अव्वा तिकडे श्वासाला महाग झालीय आणि तुम्हाला खुर्ची सुचतेय."

"तुम्हीच आल्यापासून ती ओढायला बघत होतात."

इतक्यात केंद्राचे प्रमुख डॉ. निकम आत आले. आवाज बाहेरपर्यंत गेले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा चेहरा चक्क उजळला. निकम कधी चिडत नसत, त्यामुळे त्यांच्याशी भांडणंही जमत नसे.

"म्हणजे दोष ब्राउझरचा," ते म्हणाले. "उत्तम. मगदूम, आईंचा सगळा उपचार केंद्रातर्फे. डॉक्टर, तुम्ही निर्धास्त व्हा. दिवाळीपासूनचे तुमचे फोटो सावकाश पुन्हा बघून घेऊ, त्याचा गवगवा नको. समितीला सांगू, एका मशीनवरचा बिघाड होता, दूर केला. विषय संपला."

खुर्ची वाचली होती. सोवनींनी श्वास सोडला आणि सवयीनं लॅपटॉपकडे बघितलं. उजळ पान, पांढरा धूर, लखलखतं अक्षर. आणि कोपऱ्यात सहवाचकाची खूण.

हिरवी.

"मगदूम," त्या म्हणाल्या, "सहवाचक ब्राउझरमधून बघतो का?"

"छे. त्याला थेट मूळ ठिपके मिळतात. डार्क मोडशी त्याचा काय संबंध?"

"मग त्याला हा धूर दिसला असणार."

"दिसलाच असणार."

"दिसूनही त्यानं स्वच्छ म्हटलं."

मगदूमनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. निकमांनी घड्याळाकडे बघितलं. सोवनी मात्र दिवाळीनंतरचे ते दिवस आठवत होत्या. सहवाचक फारच तांबड्या खुणा टाकतोय, असं त्यांना तेव्हा वाटायला लागलं होतं. बाईंना समोर स्वच्छ फुप्फुस दिसायचं आणि हा गडबड म्हणायचा. यंत्राचं डोकं फिरलंय म्हणून त्यांनी दर वेळी खूण खोडली, 'शिकव' दाबलं. हळूहळू तो गप्प झाला. होळीच्या सुमाराला तर तो बाईंच्या शब्दाबाहेर जाईनासा झाला, आणि जेवणाच्या सुट्टीत त्या सगळ्यांना सांगत होत्या की अखेर याला मी वळण लावलं.

"त्याला दिसत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून बरोबर दिसत होतं. हे पांढरं म्हणजे काही नाही, असं मी त्याला शिकवलं. रोज. बटण दाबदाबून."

खोलीत एवढा वेळ जो राग होता त्याला एकदम जागा उरली नाही. मगदूमचा चेहरा पडला. "आणि जिथे डॉक्टर नाहीत तिथे तो एकटाच सांगतोय," तो म्हणाला. "घरी जा म्हणून."

"दिवाळीआधीचा सहवाचक आहे का ठेवलेला? त्याच्यावर परत जाता येईल?"

"होता." मगदूमनं निकमांकडे बघितलं. "साठवणीचा खर्च नको म्हणून साहेबांनी पुसायला लावला."

निकम शांतपणे खुर्चीत बसले. "हे बघा, हा तुमचा अंदाज आहे. तज्ज्ञ नेमू, तपासू. तोवर या खोलीबाहेर अवाक्षर जायचं नाही. सहवाचक बंद केला तर पूर्व भागातली सगळी केंद्रं आंधळी होतील."

"आत्ता काय डोळस आहेत?" सोवनी म्हणाल्या.

"डॉक्टर, नीट विचार करा. एका मशीनचा बिघाड म्हटलं तर तुम्ही सुटलात. सहवाचक तुमच्या हातून बिघडला म्हटलं, तर गावोगाव घरी पाठवलेल्या प्रत्येक माणसापुढे तुमचं नाव लागेल. खुर्चीचं सोडाच, चार वाजता समिती तुमचा परवानाच मागेल. मला तुमचं वाईट करायचं नाही."

ते खरंच होतं आणि म्हणूनच सोवनींना त्यांचा संताप आला. इतक्या गोड आवाजात आजवर त्यांना कुणी धमकी दिली नव्हती. भीती वाटत होती, साधी भीती, आणि ती मगदूमला दिसते आहे याची त्यांना लाजही वाटत होती.

"मगदूम," त्या म्हणाल्या, "सहवाचक बंद करा."

तो जागचा हलला नाही. "मागच्या वेळी तुमच्या हुकमावर एक शेपूट जोडली होती. अव्वा भोगतेय ती."

"माहीत आहे."

"मग आधी सांगा. चूक कुणाची?"

"माझी," सोवनी म्हणाल्या. मग त्यांच्याच्यानं राहवलं नाही. "आणि तुमची."

मगदूमच्या जबड्याचा स्नायू हलला. निकम उठून म्हणाले, "मगदूम, हात लावाल तर नोकरी जाईल." मगदूमनं लॅपटॉप पुढ्यात ओढला, परवलीचा शब्द टाकला आणि एक ओळ लिहून कळ दाबली. यादीतल्या सगळ्या खुणा, हिरव्या आणि तांबड्या, एका झटक्यात गेल्या. निकम दोघांकडे बघत राहिले आणि फोन कानाला लावत बाहेर पडले.

"जा तुम्ही आईंकडे," सोवनी म्हणाल्या. "त्यांच्या डॉक्टरांना सांगा, आजार गेल्या महिन्यापासूनचा धरून चला. पहिल्या फोटोतही होतं म्हणावं."

"जातो," तो म्हणाला. पण दाराशी पोचून तिथेच उभा राहिला. बाईंना माफ केल्याचं त्यानं दाखवलं नाही, आणि त्यांनीही माफी मागितली नाही.

इकडे यादी वाढत चालली होती. सहवाचक परस्पर निकालात काढायचा ते सगळे फोटो आता या खोलीत येऊन पडत होते. चार वाजेपर्यंत तरी खुर्ची सोवनींची होती. त्यांनी पहिला फोटो उघडला. उजळ पान डोळ्यांना टोचत होतं आणि अर्धशिशीची कळ डाव्या भुवईपाशी जागी होऊ लागली होती. म्हातारा माणूस, सत्तरीपुढचा, खोकला. फुप्फुसं काळी. दोन्ही बाजू स्वच्छ दिसत होत्या.

स्वच्छ, एवढा एक शब्द लिहायचा होता. हा शब्द त्यांच्या बोटांत इतका बसला होता की लिहिताना त्या बघतसुद्धा नसत. आज बोटं कळांवर टेकली आणि तिथेच राहिली. त्यांनी फोटो मोठा केला, लहान केला, उलट रंगात बघितला, पुन्हा सरळ केला. काही नव्हतं. चंपाबाईंच्या फोटोतही काही नव्हतं. त्या दिवशीही त्यांना असंच, इतक्याच खात्रीनं स्वच्छ दिसलं होतं.

"तुम्हाला काही दिसतंय का हो यात?" त्यांनी विचारलं. मगदूमला असं काही विचारण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

तो जवळ आला, वाकून बघितलं. "मला कसं कळणार, मॅडम?"

टेबलावरचा फोन वाजला. पूर्व भागातल्या केंद्रावरची नर्स होती, मागे माणसांचा गलबला ऐकू येत होता.

"मॅडम, आज मशीनचा शेरा येईना झालाय. आजोबा केव्हाचे बसलेत, त्यांच्या गावाची शेवटची गाडी सुटायला आली. फोटो पोचला ना तुमच्याकडे?"

"पोचला."

"मग बरे आहेत ना? घरी पाठवू का त्यांना?"